रायफलखालची वाळू

धाकटा भाऊ दुकानात आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरवाल्याशी सीटच्या कव्हरवरून भांडत होतो. भाऊ फोमच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. एरवी तो अशा वेळी मध्ये पडतो, "जाऊ दे ना दादा" म्हणतो. त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईक माझ्याच भावात कव्हर घेऊन गेलं, तेव्हा म्हणाला, "दादा, सरकारांच्या रायफलीचा निशाणा बिघडलाय."

"मग बंदुकीच्या दुकानात जा. इथे सीट कव्हरं शिवतात."

"दुकानवाला म्हणतो रायफल चांगली आहे. इलेक्शनला ठाण्यात जमा होती ना, परत आल्यापासून भलतीकडेच मारते." मग म्हणाला, "रविवारी डुकरांचा हाका आहे. मी बांधावर असतो."

एवढंच. पण मला पुढचं सगळं दिसलं, कारण ती जमीन मी पाहिलेली आहे.

बागलीच्या पुढे सरकारांची, म्हणजे तिथल्या जुन्या जहागीरदारांची, शेती आहे आणि माझा भाऊ तिची देखरेख करतो. रानडुकरं मका आणि बटाटे उकरून टाकतात, म्हणून त्या साली त्यांनी खटपट करून मारायची परवानगी मिळवली होती. हाक्याला गावातली माणसं नाल्यातून ढोल-पत्रे वाजवत येतात, डुकरं उघड्या पट्ट्यात निघतात आणि समोरच्या माळ्यावर रायफल घेऊन सरकार बसलेले असतात. डुकरं बाजूला फुटून निसटू नयेत म्हणून उजवीकडच्या बांधावर एक माणूस पत्रा बडवत उभा राहतो. तो माणूस माझा भाऊ. गोळी वर गेली तर मागच्या टेकडीच्या मातीत जाऊन गप्प होते. खाली लागली तर तो पट्टा सगळा काळा फत्तर आहे. फत्तरावर आपटलेली गोळी कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

इलेक्शन लागलं की लायसन्सवाल्या प्रत्येकानं आपलं हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. माझीही एक साधी रायफल आहे. मी ती स्वतः शिवलेल्या जाड खोळीत घालून नेतो आणि शिपाई ती कुठे ठेवतो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलत नाही. दोनदा त्यावरून वाजलंही आहे. सरकारांची रायफल ड्रायव्हर घेऊन जातो, शालीत गुंडाळून. शालीनं काय होणार? शंभर बंदुकांच्या ढिगात कुठेतरी नळीवरच्या नेमाच्या दुर्बिणीला धक्का बसतो, आणि मग दुर्बीण एक सांगते, नळी दुसरंच करते.

त्या घराविषयी इथेच सांगून टाकतो, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायचं नाही. माझे वडील त्यांच्याकडे खोगिरं शिवत. घोडे गेले, मग बंदुकांच्या खोळी शिवत. माझं लहानपण धारला आजोळी गेलं, देवासला आलो तो एक आरी आणि मेणाचा दोरा घेऊन. दुकान मी माझ्या जिभेवर आणि हातांवर उभं केलं. त्या घरात मात्र मी आजही "खोगीरवाल्याचा थोरला" आहे. आणि धाकटा त्यांच्याकडेच राहिला. मी त्याला दुकानात भागीदारी देत होतो. तो म्हणाला, सरकारांना कसं सोडू? सख्ख्या भावाला सोडता येतं, सरकारांना नाही. हे मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

तरी गेलो. त्यांच्यासाठी नव्हे.

रायफल जुळवायची म्हणजे आधी तिला टेका हवा. शूटर लोक त्याला रेस्ट म्हणतात. माणसाच्या हातात रायफल थरथरते, श्वासानं वरखाली होते. ती थरथर काढून टाकल्याशिवाय चूक दुर्बिणीची की माणसाची हे कळत नाही. हे मला महूच्या एका रिटायर फौजीनं शिकवलं. त्याची फाटलेली चामडी पिशवी शिवायला आली होती. मी म्हटलं, शिलाई नको, मला एकदा रेंजवर न्या. तो हसला आणि घेऊन गेला. त्यानंतर इंदूरच्या कितीतरी नेमबाजांसाठी मी टेक्याच्या पिशव्या शिवल्या. एकीबद्दलही तक्रार आली नव्हती.

धाकट्या सरकारांनी, आता सरकार म्हणजे तेच, मला बैठकीत बोलावलं. वयानं माझ्याहून लहान, शिक्षण इंदूरला हिंदीत. मराठी बोलतात, पण दोन वाक्यांत पाय घसरून हिंदीत जातात. समोर गालिच्यावर लोखंडी सांगाडा ठेवलेला, ऑनलाइन मागवलेला. रायफल त्यात घालून पट्ट्यांनी आवळायची, खाली वजनं टाकायची, आणि घोडा ओढायचा.

"भिया, ये देखो. झटका सगळा हाच खातो. खांद्याला काहीच नाही."

मी रायफल हातात घेतली. त्यांच्या आजोबांची, अक्रोडाच्या लाकडाची. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, जिथे बारीक होतो तिथे केसाएवढी एक रेघ होती.

"झटका हा खात नाही," मी म्हटलं. "रायफलीला मागे जायला जागाच राहत नाही, म्हणून झटका हे लाकूड खातं. दहा गोळ्यांत दस्ता तुटून तुमच्या हातात येईल."

"कंपनीवाले तर म्हणतात..."

"कंपनीवाल्यांना सांगाडा विकायचा आहे."

"आणि तुम्हाला पिशव्या."

"मला काही विकायचं नाही. माझा भाऊ त्या बांधावर असतो."

ते हसले. "अरे भिया, टेन्शन मत लो यार. तो आमचाच माणूस आहे."

हे वाक्य मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

आतल्या दारात आईसाहेब उभ्या होत्या. त्यांचं मराठी अजून जुनं, स्वच्छ. त्या घरात माझ्याशी सरळ बोलणाऱ्या त्याच एक. म्हणाल्या, "दसऱ्यास ज्याची पूजा होते ते शस्त्र मातीस लावू नये. लोडावर ठेवा. आमचे मामंजी लोडावरच ठेवीत."

मी शक्य तितक्या नरमाईनं सांगितलं की लोडात कापूस असतो. कापूस दाबला की उसळतो. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल वर उडी मारते, गोळी वर जाते, आणि प्रत्येक वेळी वेगळी. वाळू उसळत नाही. वाळू रायफलीला धरते आणि मागे जायचं तेवढं जाऊ देते.

"वाळू म्हणजे मातीच की," त्या म्हणाल्या.

"चामड्याच्या आत आहे, आईसाहेब. शस्त्राला चामडं लागेल, वाळू नाही."

त्या काही न बोलता आत गेल्या. त्याचा मी होकार धरला. सौद्यात समोरचा गप्प झाला की मी होकारच धरतो, आणि बहुतेक वेळा तो असतो.

मग काडतुसांवरून घासाघीस झाली. सरकारांना दोन गोळ्यांत काम हवं होतं. काडतुसं लायसन्सवर मोजून मिळतात, शिवाय हाक्यालाही लागणार. मी म्हटलं, एक गोळी कधीच खरं सांगत नाही. तीन झाडा, मग दुर्बीण फिरवा, पुन्हा तीन झाडा, आणि शेवटी खात्रीच्या दोन. ते चार म्हणाले. मी उठून दारापर्यंत गेलो. दारापर्यंत जाणं हे माझं जुनं हत्यार आहे. मागून आवाज आला, "बरं, बसा ना भिया, तुम्ही म्हणाल तितक्या." आयुष्यात कितीतरी सौदे जिंकले, पण त्या दिवशीइतका घाम कधी आला नव्हता.

पिशव्या मी स्वतः शिवल्या, कारागिराला हात लावू दिला नाही. पुढची पिशवी रुंद, मध्ये खोलगट, रायफलीचं पुढचं लाकूड तिच्यात बसेल अशी. मागची लहान, वर दोन कान असलेली, दस्त्याच्या टोकाखाली ठेवायची. ती मुठीत दाबली की दस्ता उचलतो आणि नेम केसाएवढा खाली येतो, सैल सोडली की वर जातो. वाळू पुष्कळ चाळून घ्यावी लागते. बांधकामाची वाळू जाड असते, तिच्यात ओल राहते, पिशवी दगडासारखी होते आणि रायफल दगडावर नाचते. माझ्याकडे निसरपुरची वाळू होती. तिकडे ट्रॅक्टरची सीटं पोचवायला गेलो होतो, तेव्हा धरणाचं पाणी ओसरलं होतं आणि काठावर मैद्यासारखी वाळू उघडी पडली होती. दोन कट्टे भरून आणली, कढईत भाजून कोरडी केली. तशी वाळू मी परत पाहिली नाही.

गुरुवारी ठाण्याला कळवून एका बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत गेलो. मी, सरकार आणि ड्रायव्हर. सरकार ट्रॉलीवर बसून झाडू म्हणत होते. मी सिमेंटच्या ठोकळ्यांवर फरशी टाकायला लावली, कारण ट्रॉली स्प्रिंगवर हलते. मग त्यांना बसवलं. मान वाकडी न करता डोळा दुर्बिणीशी येईपर्यंत फरशी वरखाली केली. त्यांनी सवयीनं नळीच पिशवीवर टेकवली.

"नळी नाही. नळी अधांतरी पाहिजे. लाकूड टेकवा."

"फरक काय पडतो?"

"नळी गोळीबरोबर थरथरते. खालून काही लागलं की ती तिथून लाथ मारते. घोड्याच्या पोटाला खालून हात लावून बघा कधी."

"घोडे तर तुमच्या बाबूजींच्या टाइमला गेले."

"मग नळीलाच लावून बघा."

पहिल्या तीन गोळ्या लक्ष्याच्या वीतभर खाली आणि डावीकडे बसल्या. वीतभर! आणि हा माणूस तशाच रायफलीनं हाक्याला निघाला होता. मी दुर्बिणीचे खटके फिरवले. पुढच्या तिन्ही मध्यावर बसल्या, एका बत्ताशाखाली झाकल्या गेल्या असत्या. खात्रीच्या दोन त्यांच्याच शेजारी. सरकारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी दुर्बिणीच्या खटक्यांवर टोप्या घट्ट बसवल्या आणि म्हटलं, "आता हिला कोणी हात लावायचा नाही. रविवारपर्यंत खोळीत राहू द्या."

संध्याकाळी त्यांच्या बैठकीत रायफल खोळीतून काढून पिशव्यांसकट चौरंगावर ठेवली गेली. आईसाहेबांनी पिशवी बोटानं दाबून पाहिली. म्हणाल्या, "फारच मऊ हो. कोठून आणिलीत ही वाळू?"

मी अभिमानानं सांगितलं. निसरपुर, नर्मदा.

त्यांनी बोट मागे घेतलं. "तेथे तर गावच्या गाव बुडाले ना? देवळे बुडाली, स्मशानेही बुडाली."

"पाणी सगळं धुऊन नेतं, आईसाहेब."

त्यांनी बोट पदराला पुसलं. मी निघालो तेव्हा दारापर्यंत कोणी आलं नाही. भाऊ अंगणात उभा होता. मी म्हटलं, "काम झालं, आता गोळी जिथे म्हणशील तिथे लागेल." तो हसला, पण त्याचं लक्ष माझ्या मागे, आतल्या खोलीकडे होतं. तिथे कुणीतरी परात मागत होतं.

रविवारी मला जायचं कारण नव्हतं. पण शनिवारभर दुकानात हात चालेना. एक शिवण उसवावी लागली, तशी वेळ आयुष्यात आली नव्हती. सकाळी मोटारसायकल काढली आणि बागलीच्या रस्त्याला लागलो. चापडा गाव मागे टाकेपर्यंत स्वतःलाच शिव्या देत होतो, की काम झालेलं आहे, निघालास कशाला.

पोचलो तेव्हा नाल्याच्या तोंडाशी माणसं गोळा होत होती. जीप माळ्याखाली उभी. भाऊ आधीच बांधावर गेलेला. मधला पट्टा उन्हात काळा चमकत होता, एखाद्या धुतलेल्या तव्यासारखा, आणि त्याच्या पलीकडे भाऊ हातभर उंचीचा दिसत होता, हातात पत्र्याचा डबा. मी हात केला. त्यानंही केला.

सरकार माळ्यावर चढले होते. ड्रायव्हर म्हणाला, "जरा पिशवी वर द्या ना." मी जीपमधून पुढची पिशवी उचलली आणि हात भसकन वर आला. एखाद्या भरल्या समजून उचललेल्या रिकाम्या हंड्यासारखा.

मी पिशवी दाबली. ती दबली आणि फुगून परत वर आली.

"हिच्यातली वाळू?"

वरून सरकार म्हणाले, "आईसाहेबांनी काढवली भिया. स्मशानाची आहे म्हणे. घर में पूजा की चीज है, समझा करो. कापूस भरला. पिशवी तीच आहे ना."

"आणि नंतर गोळी झाडलीत?"

"शुक्रवारी, इथेच. बघायला नको? वर जात होती, दोन्ही. तर मी स्कोप खाली घेतला. अब एकदम बरोबर आहे."

मी पिशवी जीपमध्ये फेकली. कापसानं रायफल उसळवली, म्हणून गोळी वर गेली. रायफलीत काही चूक नव्हती. त्यांनी उसळी दुरुस्त करायच्या ऐवजी दुर्बीण खाली केली होती. आज माळ्यावर पिशवी घेतली तरी धावत्या डुकरावर ते खांद्याशी धरूनच झाडणार. उसळी नाही. म्हणजे गोळी खाली. खाली म्हणजे फत्तर.

"उतरा," मी म्हटलं. "हाका थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा."

"अरे भिया..."

"भिया गेला खड्ड्यात! रायफल खाली मारते आहे तुमची. माझा भाऊ समोर आहे."

"आवाज खाली करा," ते म्हणाले. पहिल्यांदाच शुद्ध मराठीत. "माणसं बघतायत. कुठे उभे आहात ते लक्षात ठेवा."

नाल्यात ढोल सुरू झाला.

मी भावाला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. बांधावर तो दोन्ही हातांनी डबा बडवत होता. मी पट्ट्याच्या कडेनं पळत सुटलो, हात हलवत, ओरडत. ढोल, पत्रे, माणसांचे हाकारे, त्यात माझं ओरडणं म्हणजे हाक्यातलाच आणखी एक माणूस. त्याला तसंच वाटलं असणार. त्यानं मला पाहिलं आणि आणखी जोरात डबा बडवला.

डुकरं निघाली. पुढे एक मोठं, मागे पिल्लावळ. माझ्या डावीकडून सरळ पट्ट्यात घुसली. मी थांबलो, कारण आता मीच मध्ये होतो.

गोळीचा आवाज आणि दगडाचा आवाज एकदमच आला. डुकराच्या पायाखाली पांढरी धूळ उडाली. मग तो दुसरा आवाज, लांबत जाणारा, शिट्टीसारखा. डबा वाजायचा बंद झाला.

तो बसलेला सापडला. उजवं कोपर राहिलं नव्हतं. मला म्हणाला, "दादा, तू कशाला पळत होतास?"

जीपमध्ये मी त्याच्या दंडाला माझा कमरेचा पट्टा आवळून धरला होता. सरकार पुढे बसले होते, मान न वळवता. सतवासहून येणाऱ्या ट्रकांमागे अडकलो तेव्हा म्हणाले, "काही गडबड त्या पिशवीतच असणार. नवी होती ना." उत्तर दिलं असतं तर पट्ट्यावरचे हात सोडावे लागले असते.

इंदूरला हात वाचवता आला नाही.

तिसऱ्या दिवशी हवालदार हॉस्पिटलात जबाब घ्यायला आला. बरोबर सरकारांचा ड्रायव्हर, आणि एका पोत्यात माझ्या पिशव्या. हवालदारानं मला विचारलं, "आपने ही बनाई?" मी म्हटलं, शिवण माझी आहे. पिशवी हातात घेतली. जड होती. आत वाळू होती. जाड, ओली, कुठल्यातरी चालू बांधकामाची. तोंडाची शिवण दुसऱ्याच कुणाच्या हातची, सुतळीची.

"ही माझी वाळू नाही," मी म्हटलं. "रविवारी हिच्यात कापूस होता. भावाला विचारा. तो त्यांच्या अंगणात होता, त्याला सगळं माहीत आहे."

हवालदारानं पिशवी पलंगावर ठेवली. भावानं डाव्या हातानं ती दाबून पाहिली. घोटाळा कळायला त्याला एक दाब पुरे होता. आमच्या बापाचा हात त्याच्याकडेही आलेला आहे. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत होता.

"अशीच होती," भाऊ म्हणाला. "शुरू से."

"अरे, काय बोलतोयस तू!"

"दादा, ओरडू नको ना. शेजारी पेशंट आहे."

"त्यांनी तुझा हात घेतला आणि तू..."

"हात गेला, नोकरी आहे," तो म्हणाला. "पोरीचं लग्न ते करून देणार आहेत. तू भांडशील, दादा. तुला भांडता येतं. मी काय करू?"

हवालदारानं लिहून घेतलं. भावानं डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला, ड्रायव्हरनं शाईचा पॅड धरला. मला बाहेर थांबायला सांगितलं, मी थांबलो नाही. मी खाली गेलो, रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस न करताच बसलो.

देवासात आजही लोक मला विचारतात, तुमच्या पिशवीमुळेच ना? मी प्रत्येकाला बसवून सगळं सांगतो. ऐकतात, मान हलवतात, आणि उठताना म्हणतात, पण तुमचा भाऊच तर म्हणतो.

तो अजून बागलीलाच आहे. ऐकतो की यंदाही डुकरं फार झाली आहेत, आणि सरकारांनी पुन्हा अर्ज केला आहे.